डोळ्याखालून घातलं म्हणजे डोक्यात गेलं असं नसतं गं

पत्र:

ताई, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इतिहास, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र असे विषय आहेत. रोज सहा-सात तास बसते, प्रत्येक चॅप्टर तीन-तीनदा वाचते, मी व्हिज्युअल लर्नर, म्हणजे बघून शिकणारी, आहे म्हणून सगळं पुस्तक हायलायटरने रंगवते. वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि पेपर हातात आला की पाटी कोरी. आमच्या मॅडम म्हणतात तू नुसती पुस्तकाची री ओढतेस, क्रिटिकल थिंकिंग कुठाय? ते नेमकं कसं करतात हे मात्र कुणीच सांगत नाही. मैत्रीण माझ्या निम्मा वेळ बसते आणि माझ्यापेक्षा जास्त मार्क घेते. माझी बुद्धीच कमी आहे का? परीक्षा सात आठवड्यांवर आलीय.
ता. क. शेवटची रात्र जागून काढली तर चालेल ना?
– वैतागलेली विद्यार्थिनी

उत्तर:

अगं, आधी बुद्धीचं बघू कारण पत्रातला तोच प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचला. तुझी बुद्धी मी मोजलेली नाही आणि मोजायचीही नाहीये, पण तू जे जे लिहिलंयस त्यातल्या एकाही गोष्टीचा बुद्धीशी संबंध नाही, सगळ्यांचा पद्धतीशी आहे. आणि पद्धत बदलता येते, सात आठवड्यात तर आरामात बदलता येते. सहा-सात तास रोज बसायची तयारी असलेल्या मुलीने स्वतःला ढ समजावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तुझंच एक वाक्य बघ, "वाचताना सगळं येतंय असं वाटतं". इथंच घोडं पेंड खातंय. वाचताना जे वाटतं ते "ओळखीचं" वाटणं असतं, "येणं" नसतं. तिसऱ्यांदा तोच परिच्छेद समोर आला की डोळे भराभर सरकतात, कुठे अडत नाही, आणि मन म्हणतं हां हे झालंय आपलं. पण पेपरात परिच्छेद समोर नसतो ना, तिथे कोऱ्या कागदावर आतून काढून द्यायचं असतं, आणि आतून काढायची प्रॅक्टिस तू एकदाही केलेली नाहीस, तू फक्त आत ढकलत राहिलीस. रोजच्या वापरातलं एखादं नाणं न बघता कागदावर काढून बघ, कुठल्या बाजूला काय आहे, अक्षरं कुठे, चित्राचं तोंड कुठल्या दिशेला. १९७९ साली अमेरिकेत निकरसन आणि अॅडम्स या दोघांनी लोकांना त्यांचं रोजचं एक सेंटचं नाणं असंच आठवून काढायला लावलं होतं तर बहुतेकांना ते धड जमलं नाही. आयुष्यभर हाताळलेलं नाणं! मग तीनदा डोळ्याखालून घातलेल्या चॅप्टरकडून काय अपेक्षा करणार.

यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग सांगते, हा नीट वाच. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रं नुसता वाचला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचला आणि उरलेली तीन सत्रं उतारा बाजूला ठेवून जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, साधारण ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. पण तीच परीक्षा एका आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर घसरले आणि लिहून काढणारे ६१ वर राहिले. आणि खरी गंमत पुढे आहे, आठवड्याने तुम्हाला किती आठवेल असं आधीच विचारलं होतं तेव्हा सगळ्यात जास्त खात्री कुणाला होती तर नुसतं वाचणाऱ्यांना. म्हणजे अभ्यास झाल्याचं ते जे छान वाटणं आहे ना, तेच फसवतं, आणि आठवताना जी ओढाताण होते, काहीच येत नाही असं वाटून रडू येतं, तेव्हा खरं तर पक्कं होत असतं. तुझी मैत्रीण निम्म्या वेळात काय करते मला माहीत नाही पण तिला एकदा विचार, ती बहुतेक पुस्तक मिटून काहीतरी करत असणार.

तर मग तू काय करायचंस. दोन-तीन पानं वाच, फार नाही, एक मुद्दा पूर्ण होईल एवढीच. पुस्तक मिट. मिट म्हणजे खरंच मिट, बोट आत घालून ठेवू नकोस. कोरा कागद घे आणि जे आठवतंय ते लिही, तोडकंमोडकं, क्रम चुकला तरी चालेल, शब्द पुस्तकातलेच नसले तर उत्तमच. अडलं की लगेच पुस्तक उघडायचा मोह होईल, एक मिनिट थांब, आठवायची धडपड कर, कारण त्या एका मिनिटातच सगळं काम होतं. मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेनने राहिलेलं आणि चुकलेलं त्याच कागदावर भर. ही पडताळणी सोडू नकोस हं, नाहीतर चुकीचंच पक्कं होऊन बसतं. तो दुसरा रंग म्हणजे तुझा खरा अभ्यास, पुढच्या वेळी तेवढंच बघायचं. पहिले चार-पाच दिवस कागदावर सगळा दुसराच रंग दिसेल आणि तू घाबरशील, जुन्या पद्धतीकडे पळावंसं वाटेल, तेव्हा पळू नकोस. मी स्वतः कॉलेजात एका पेपरात नापास झाले होते, नोट्स इतक्या सुंदर होत्या की अख्खा वर्ग झेरॉक्स काढायचा आणि तरी मी नापास, कारण त्या नोट्स पुस्तक उघडं ठेवून उतरवलेल्या होत्या, माझ्या हातातून गेल्या होत्या, डोक्यातून गेल्याच नव्हत्या. ते वर्ष मला आजही आठवतं म्हणून तुला एवढं कळकळीने सांगतेय.

हायलायटरबद्दल. वाईट नाही पण त्याने अभ्यास होत नाही, फक्त जागा सापडते. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवर झालेलं सगळं संशोधन तपासलं, त्यात रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही तळाच्या गटात गेल्या, वर आल्या त्या दोनच, स्वतःची परीक्षा घेणं आणि उजळणी दिवसादिवसांवर पसरणं. आणि व्हिज्युअल लर्नरचं डोक्यातून काढून टाक बाई. २००८ साली पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कल्पनेचे पुरावे तपासले तेव्हा शिकवण्याची पद्धत मुलाच्या "स्टाइल"प्रमाणे बदलली तर जास्त शिकता येतं याला भक्कम आधार मिळाला नाही. आकृत्या जरूर काढ, आकृत्यांनी सगळ्यांनाच फायदा होतो, पण मी अमुक प्रकारची आहे म्हणून मला तमुक जमणार नाही असं स्वतःला बांधून घेऊ नकोस.

दुसरी गोष्ट पसरण्याची. तू एक चॅप्टर एका दिवसात तीनदा वाचतेस आणि मग महिनाभर त्याच्याकडे बघत नाहीस, बरोबर ना? तेच तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी कर, वेळ तेवढाच लागतो आणि टिकतं कितीतरी जास्त. हे काही आजचं नाही, एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली छापलंय, बिचाऱ्याने वर्षानुवर्षं स्वतःवरच प्रयोग केले, काहीच अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. त्याला दिसलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांत वाटून घोकलं तर कमी खेपांत पाठ होतं. तू ढोबळ असं धर, आज केलेलं उद्या कोऱ्या कागदावर, मग चार-पाच दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी. मध्ये थोडं विसरायला झालं पाहिजे, विसरत आलेलं ओढून काढलं की जास्त घट्ट बसतं. व्याख्या, सनावळ्या, संज्ञा यांच्यासाठी छोटी कार्डं कर, पुढे प्रश्न मागे उत्तर, आणि चार-पाच कप्प्यांचा खोका. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात, पहिला कप्पा रोज बघायचा आणि मागचे लांब लांब अंतराने. लाइटनर नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात ही युक्ती लोकांपुढे आणली, आज जी फ्लॅशकार्डची अॅप्स आहेत ती याच विचारावर चालतात. अॅप वापरलंस तरी चालेल पण कार्डं स्वतः बनव, दुसऱ्याची आयती घेऊ नकोस.

अर्थशास्त्रातली गणितं एका प्रकारची वीस सलग सोडवत असशील तर थांब. प्रकार मिसळून सोडव. सलग सोडवताना कुठलं सूत्र लावायचं हे आधीच माहीत असतं त्यामुळे हात चालतो, डोकं चालत नाही. रोरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात सलग सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्केच, पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आणि मिसळवाले ६३ वर. परत तेच बघ, सराव करताना जे छान वाटतं ते फसवं निघालं.

वाचनाबद्दल तू फार लिहिलं नाहीस पण चॅप्टर तीनदा वाचावा लागतो याचा अर्थ पहिल्या वेळी तू काही शोधत वाचत नाहीयेस. वाचायला बसण्याआधी पाच मिनिटं नुसती मथळे, उपमथळे, आकृत्या, शेवटचे प्रश्न बघ आणि प्रत्येक मथळ्याचा प्रश्न कर. "चलनवाढीची कारणं" असा मथळा असेल तर स्वतःला विचार, मला काय वाटतं, का वाढत असेल बरं किंमत? चुकीचं का होईना एक उत्तर मनात धर आणि मग वाच. डोक्यात प्रश्न असला की वाचलेलं त्याला जाऊन चिकटतं, नाहीतर वाहून जातं.

आणि एखादा चॅप्टर पूर्ण डोक्यावरून गेला, ओ की ठो कळलं नाही, तर तोच दहा वेळा वाचून काही होत नाही कारण बहुतेक वेळा खालची पायरीच नसते. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं, तर वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. विषयाची आधीची माहिती एवढं काम करते. तेव्हा अवघड चॅप्टर आला की लाज न बाळगता शाळेच्या पातळीवरचं सोपं पुस्तक आधी वाच, अर्धा तास जाईल पण पुढचे चार तास वाचतील. सारांशाचंही सांगून टाकते, हल्ली मुलं चॅटबॉटकडून चॅप्टरचा सारांश करून घेतात. महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय हे निवडणं हाच तर अभ्यास असतो, तो दुसऱ्याने केला तर तुझ्या वाट्याला काय उरलं? वापरायचंच असेल तर त्याला म्हण या भागावर मला दहा प्रश्न विचार, उत्तरं तू दे, आणि पडताळणी पुस्तकावरून कर कारण तो ठामपणे चुकीचंही सांगतो.

आता मॅडमचं क्रिटिकल थिंकिंग. हा शब्द नुसता तोंडावर फेकतात आणि मुलांना वाटतं म्हणजे पुस्तकाला नावं ठेवायची किंवा "माझ्या मते" असं लिहून काहीतरी ठोकून द्यायचं. तसं नाहीये ते. मला विचारशील तर ती एकच सवय आहे, एखादी गोष्ट पटली की लगेच ती मोडेल असं उदाहरण शोधायला जायचं. आपलं मन बरोबर उलटं करतं. १९६० साली वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना तीन आकडे दिले, २, ४, ६, आणि सांगितलं हे आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात, तुम्ही आणखी आकडे सुचवा, बसतात की नाही ते मी सांगेन, आणि खात्री झाली की नियम ओळखा. बहुतेकांना वाटलं दोन-दोनने वाढणारे आकडे, मग ते विचारत राहिले ८, १०, १२, मग १४, १६, १८, प्रत्येक वेळी "बसतात", आणि छातीठोकपणे नियम सांगितला आणि चुकला. खरा नियम होता फक्त चढत्या क्रमाने. १, २, ९ असं एकदा विचारलं असतं तरी कळलं असतं, पण आपली कल्पना मोडायला जायचं सुचतच नाही. २९ जणांपैकी पहिल्याच फटक्यात सहाच जणांना जमलं. तुझ्या मानसशास्त्राच्या सिलॅबसमध्ये हे "कन्फर्मेशन बायस" म्हणून असेलच, तू त्याची व्याख्या पाठ केली असशील, आता ती वापर.

तुझ्या इतिहासावरच लावून दाखवते. समज पुस्तकात एक वाक्य आहे, १७८८ चं पीक बुडालं, पाव महागला, लोक उपाशी राहिले म्हणून १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. तू आत्तापर्यंत हे पिवळं करून पाठ करत होतीस. आता पुस्तक मिट आणि विचार, लोक उपाशी होते आणि तरी क्रांती झाली नाही असं कधी झालंय का? शोधलंस तर सापडेल, १७०९ च्या भयंकर थंडीत फ्रान्समध्ये पिकं गेली, दुष्काळात माणसं मेली, तेव्हा राजाचं सिंहासन हललं नाही. म्हणजे नुसती भूक पुरत नाही! मग १७८९ मध्ये आणखी वेगळं काय होतं? सरकार कर्जात बुडालेलं, त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेल्या मदतीचा खर्च, कर वाढवायचे तर वरचे वर्ग तयार नाहीत, म्हणून १६१४ नंतर पहिल्यांदा मे १७८९ मध्ये इस्टेट्स जनरल, म्हणजे सगळ्या वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, भरवावी लागली आणि लोकांना आपलं म्हणणं मांडायला जागा मिळाली. आता उत्तरात तू लिहू शकतेस की भूक हे कारण होतं पण एकटं नव्हतं, कारण १७०९ मध्येही भूक होती, फरक पडला तो सरकार दिवाळखोरीला आल्याने आणि सत्तेला लोकांना बोलवावं लागल्याने. बघ, यात "माझ्या मते" कुठेही नाही आणि तरी हे तुझं आहे. पुस्तकाची री संपली. मॅडमना हेच हवंय.

हीच सवय बाहेरही चालते. घरात जास्त पुस्तकं असलेल्या मुलांना जास्त मार्क मिळतात असं कुठे वाचलंस तर लगेच पुस्तकं विकत आणायला धावू नकोस, आधी विचार की दोन्हींच्या मागे तिसरंच काही असेल का, आईवडिलांचं शिक्षण, घरातली परिस्थिती. आणि नेटवर काही वाचलं की त्याच पानावर खाली खाली जात बसू नकोस. वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये दाखवलं की व्यवसायाने तथ्य तपासणारे लोक अनोळखी साइट आली की लगेच तिथून बाहेर पडतात, दुसरे टॅब उघडतात आणि या लोकांबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी बघतात. इतिहासाचे प्राध्यापक आणि नामांकित विद्यापीठातले विद्यार्थी मात्र त्याच साइटचं रूपडं, लोगो, भाषा बघत बसले आणि बरेचदा फसले. प्रोजेक्ट करताना हे लक्षात ठेव.

सात आठवड्यांचं सांगते. पहिले चार आठवडे नवीन भाग सकाळी आणि जुन्याचे कोरे कागद संध्याकाळी, दोन्ही रोज. विषय दिवसातून एकदा तरी बदल, एकाच विषयाचा अख्खा आठवडा नको. जुने पेपर शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नकोस गं, सगळे तेच करतात, या रविवारीच एक घड्याळ लावून सोडव, निम्मा कोरा राहिला तरी सोडव, कुठे पोकळी आहे ते आत्ता कळलं तर भरता येईल. सहा-सात तासांऐवजी चार तास कर पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि पंचवीस-तीस मिनिटांनी उठून पाय मोकळे कर. आठवड्यातून एकदा मैत्रिणीला एखादा मुद्दा समजावून सांग आणि तिला म्हण मध्ये मध्ये "का?" विचारत जा, तिसऱ्या "का"ला बहुतेक तू अडशील, तिथून पुढचा अभ्यास सुरू कर. मैत्रिणीशी तासांची तुलना मात्र आजपासून बंद.

ता. क. रात्र जागू नकोस. १९२४ साली जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली, कधी त्यानंतर झोपू दिलं आणि कधी जागं ठेवलं, आणि तेवढेच तास गेल्यावर झोपून उठले की त्यांना स्पष्टपणे जास्त आठवलं. नंतरच्या संशोधनातही झोपेत आठवणी पक्क्या होतात हेच पुन्हा पुन्हा दिसलंय. तेव्हा आदल्या संध्याकाळी फक्त ते दुसऱ्या रंगाचे कागद काढ, तासभर चाळ, नवीन काहीही उघडू नकोस, पेनं आणि हॉल तिकीट दप्तरात टाक आणि दहाला दिवा मालव.